हजार चौरस मीटरवरची शाळा

मुंबईच्या दाट वस्तीत शाळेसाठी २५ बाय ४० मीटरचा भूखंड मिळाला तर तो चांगलाच म्हणायचा. एका बाजूला अग्निशमन गाडीसाठी ६ मीटर, दुसऱ्या बाजूला ४, पुढे ६, मागे ४ सोडले की इमारतीला १५ बाय ३० मीटर उरतात. एवढ्यात पहिली ते सातवी, दोन तुकड्या, म्हणजे १४ वर्ग आणि वर्गात ३५ प्रमाणे ४९० मुले बसवायची. सकाळ-दुपार दोन सत्रे, संध्याकाळी रात्रशाळा, अधूनमधून मतदान केंद्र आणि दहावीचे परीक्षा केंद्रही याच भिंतींत चालणार. मुंबईतल्या अनेक शाळांचा दिवस असाच जातो. म्हणून प्लॅनला हात घालण्याआधी सकाळी साडेसहापासून रात्री दहापर्यंतचे वेळापत्रक कागदावर मांडावे. कोणती खोली कधी, कोणाकडे आणि किल्ली कोणाकडे, हे ठरले की निम्मा आराखडा झाला.

दोन्ही टोकांना ४-४ मीटर जिने, लिफ्ट आणि डक्टना (नळ नेणाऱ्या उभ्या पोकळ्यांना) दिले की मध्ये २२ मीटर राहतात. ३ मीटरच्या पॅसेजच्या दोन्ही बाजूंना ७.३ बाय ६ मीटरचे तीन-तीन गाळे पडतात, म्हणजे मजल्याला सहा. भिंती वजा जाता गाळा ४१ चौरस मीटरचा, मुलामागे १.१५ च्या थोडा वर. यातल्या चार गाळ्यांत खोल्या आणि एकात स्वच्छतागृह व हात धुण्याची जागा. सहावा मोकळा ठेवावा: बाहेरच्या बाजूला १.२ मीटर उंच कठडा, वर जाळी आणि मध्ये नुसती ओसरी.

या ओसरीवरून संस्थाचालकांशी हमखास वाद होतो, कारण तळमजल्यावरच्या चार मजल्यांत चार वर्ग ‘वाया’ गेलेले दिसतात. पण पॅसेजच्या दोन्ही बाजूंना वर्ग असलेली शाळा ओसरीशिवाय अंधारी आणि कोंदट होते. वर्गाला एकाच बाजूने खिडकी, दुसऱ्या बाजूला पॅसेज, आणि पॅसेजला हवा यायला वाटच नाही. मधला गाळा उघडा असला की समुद्राकडून येणारा वारा पॅसेजमध्ये शिरतो आणि दरवाजांवरच्या झडपांतून वर्गांतही पोचतो. मधल्या सुट्टीत ५०-६० मुले मजल्यावरच मोकळी होतात आणि सगळा लोंढा जिन्यावर येत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तर हेच त्या मजल्याचे अंगण असते. ही जागा हट्टाने वाचवावी.

ओसऱ्या एकाखाली एकच घ्याव्यात. वेगवेगळ्या जागी घेतल्या तर दर्शनी भाग सुंदर दिसतो, पण उघड्या ओसरीखाली वर्ग येतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे छत ओले होते. स्वच्छतागृहांचाही नियम तोच: ओल्याखाली ओले. ओसरी नैर्ऋत्येला असेल तर स्वच्छतागृहाचा गाळा समोरच्या बाजूला घ्यावा, म्हणजे वारा वास बाहेर नेतो. नळांचा डक्ट माणूस आत उभा राहू शकेल एवढा, किमान ७५० मिमी, आणि वर-खाली जाळीने बंद असावा. जाळी लावायची राहिली तर पहिल्याच वर्षी तिथे कबुतरे राहायला येतात.

मुलींच्या २५ मागे एक शौचालय धरले तर २४५ मुलींना १० लागतात. मजल्याला तीन केली की १२ होतात. मुलग्यांसाठी मजल्याला दोन आणि चार मुताऱ्या. दिव्यांग मुलांसाठी एक वेगळे, आत १.५ मीटरचे वर्तुळ मोकळे राहील असे. हात धुण्याच्या नळांचा हिशेब मात्र फार थोडे लोक करतात. पोषण आहाराआधी ४९० मुलांनी अर्धा-अर्धा मिनिट हात धुतले तर २० नळांवर साधारण १२ मिनिटे जातात. दहाच नळ असतील तर २४ मिनिटे, म्हणजे अख्खी सुट्टी रांगेत. म्हणून मजल्याला पाच नळ, पहिलीच्या मजल्यावर ओटा ५५० मिमी उंच, वर ७०० मिमी. मोरीला सहज निघणारी जाळी हवी. भाताची शिते जाऊन तुंबणारी मोरी ही शाळेतली सर्वांत नेहमीची तक्रार आहे. पाणी विद्यार्थ्यामागे ४५ लिटर धरतात. दोन सत्रांचे ४४,१०० लिटर झाले, आगीसाठीचा साठा त्याहून वेगळा.

आता बहुउपयोगी खोली. सगळ्याच खोल्यांनी सगळी कामे करावीत हा मोह टाळावा. पहिल्या मजल्यावर लगतच्या दोनच खोल्या, वाचनालय आणि विज्ञान-चित्रकलेची खोली, मध्ये घडीचे पार्टिशन घालून जोडाव्यात. पार्टिशन उघडले की ८४ चौरस मीटर मिळतात आणि खुर्च्या मांडून सव्वाशे पालक बसतात. या दोन्ही खोल्या कोणत्याही तुकडीच्या नसल्यामुळे रात्रशाळेलाही त्याच द्याव्यात. मोठ्या माणसांना पहिलीच्या बाकावर बसवणे हा त्यांचा अपमान आहे. इथे मोठ्या मापाच्या, एकावर एक रचता येणाऱ्या खुर्च्या आणि हलकी टेबले ठेवावीत. बाकीच्या १४ वर्गांत नेहमीची बाके चालतात.

अशी खोली फसते ती बहुतेक वेळा कोठाराअभावी. सव्वाशे खुर्च्या आठ-आठच्या थप्पीत ठेवल्या तरी १६ थप्प्या होतात. त्यांना आणि दुमडलेल्या टेबलांना वाटेसकट १० चौरस मीटर लागतात. ही जागा त्याच मजल्यावर, त्याच खोलीला लागून हवी. कोठार तळमजल्यावर असेल तर ३५ मिनिटांच्या तासातली १५ मिनिटे वाहतुकीत जातात. दोन महिन्यांत खुर्च्या कायमच्या भिंतीशी पडून राहतात आणि खोलीची शेवटी अडगळ होते.

दुसरी चूक भाराची. इमारतीवरच्या भारांचे भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या दुसऱ्या भागात वर्गखोलीला चौरस मीटरला ३ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलो वजन), पॅसेज आणि जिन्याला ४, तर पक्की आसने नसलेल्या सभागृहाला ५ भार धरतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला नकाशावर ‘वर्ग’ दिसला तर तो ३ धरणार. ८४ चौरस मीटरवर हा फरक सुमारे १७ टनांचा आहे. म्हणून नकाशावरच ‘सभेसाठी वापर’ असे लिहावे. गच्चीवर मुले खेळणार असतील तर तिथेही तसेच.

पार्टिशनचा स्लायडिंग ट्रॅक वरच्या बीमला टांगतात. काँक्रीटचा बीम पुढची काही वर्षे हळूहळू वाकत राहतो आणि काही मिलिमीटर खाली आला तरी पार्टिशनची पाने जमिनीला घासू लागतात. ट्रॅक वरच्या मजल्याच्या भिंती आणि लादी पूर्ण झाल्यावरच बसवावा आणि टांगणीच्या बोल्टला २० मिमी वर-खाली करण्याची सोय ठेवावी. आवाज बहुधा पानांतून जात नाही; तो फॉल्स सीलिंगच्या वरून जातो. ट्रॅकच्या वर स्लॅबपर्यंत वीट किंवा दुहेरी जिप्सम बोर्ड भरले नाही तर महागडे पार्टिशनही पडद्यासारखेच. प्रयोगशाळेत ५० डेसिबल अडवणारे पान जागेवर ४० च्या आसपास अडवते, हे धरूनच शेजारचे तास लावावेत.

जिन्यांबाबत तडजोड नको. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग वरच्या गवती छपराला लागली आणि ९४ मुले गेली. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या स्नेहसंमेलनात मांडवाने पेट घेतला, तेव्हा चारशेहून अधिक माणसे गेली. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ जिन्याला माणशी १० मिमी रुंदी धरते, म्हणजे २ मीटरच्या जिन्याला २०० माणसे. आपल्या मजल्यावर एरवी १४० मुले. सभा असलेल्या पहिल्या मजल्यावर सव्वाशे पालक आणि दोन वर्गांची ७० मुले धरून १९५. एक जिना धुराने बंद झाला तरी दुसरा पुरतो, हीच खरी कसोटी. पायरी १५० मिमी उंच, ३०० मिमी रुंद, कठड्याला मोठ्यांसाठी ९०० मिमीवर आणि लहानांसाठी ६०० च्या आसपास असे दोन दांडे. वर्गाचे दार बाहेर उघडणारे आणि खोबणीत आत घेतलेले असावे, म्हणजे उघडले तरी पॅसेज अडत नाही.

तळमजला ४.२ आणि वरचे चार मजले प्रत्येकी ३.६ धरले की उंची १८.६ मीटर होते. १५ मीटरपासून संहितेत ती उंच इमारत ठरते, तेव्हा अग्निशमन अधिकाऱ्यांचे मत कच्च्या आराखड्यावरच घ्यावे. रात्रशाळेच्या वेळी वरचे मजले बंद करायला चॅनल गेट लावून कुलूप घालतात, हे अत्यंत धोक्याचे आहे. वरून खाली येणाऱ्याला आडवा दांडा ढकलताच किल्लीविना उघडेल असेच दार पहिल्या मजल्याच्या वर लावावे. विजेची सर्किट्सही मजल्यानुसार वेगळी असावीत, म्हणजे रात्री वरचे मजले बंद करता येतात आणि जिन्यातले दिवे तेवढे चालू राहतात.

तळमजल्याचा दोन-तृतीयांश भाग प्रार्थनेसाठी आणि खेळासाठी उघडा ठेवायचा, तर भूकंपाचा विचार आधी करावा. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादेत खाली पार्किंगसाठी मोकळ्या ठेवलेल्या अनेक इमारती त्याच मजल्यावर बसल्या. दोन्ही टोकांच्या जिना-लिफ्टभोवती पायापासून गच्चीपर्यंत सलग काँक्रीटच्या भिंती घ्याव्यात. कार्यालय, बालवाडी आणि मतदानाची खोली याच मजल्यावर. मतदानाच्या खोलीला दोन दारे असली तर आत-बाहेरची रांग वेगळी होते. जोते ६०० मिमी असेल तर १:१२ उताराचा रॅम्प ७.२ मीटर लांब होतो. तो पुढच्या ६ मीटरच्या पट्ट्यात रस्त्याकडून सरळ मावत नाही, वळवून घ्यावा लागतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. तेव्हापासून विजेचे मुख्य पॅनेल तळमजल्याच्या जमिनीवर ठेवायला काही कारण उरलेले नाही. ते पहिल्या मजल्यावर किंवा उंच चौथऱ्यावर न्यावे. भूमिगत टाकीचे झाकण आवारापेक्षा किमान ४५० मिमी वर घ्यावे, नाहीतर पुराचे पाणी थेट पिण्याच्या पाण्यात उतरते.

गच्चीवर जिने सोडून २२ बाय १५ मीटर मिळतात. त्यात १३ बाय १० मीटरचे कबड्डीचे मैदान कडेला जागा सोडून बसते, बास्केटबॉलचे २८ बाय १५ चे नाही. चेंडूचा धप्प आवाज स्लॅब जाड करून जात नाही, लादीखाली रबराचा लवचिक थर लागतो. तरीही चौथ्या मजल्यावर सातवीच्या तुकड्या ठेवून त्यांच्या परीक्षेच्या तासाला वर खेळ लावू नये. हे काम स्थापत्याचे नाही, वेळापत्रकाचे आहे.

राहिले फाटक. दुपारी साडेबाराला ४९० मुले बाहेर पडतात आणि तेवढीच आत येतात. फाटक रस्त्याच्या कडेला न ठेवता ४ मीटर आत घ्यावे, म्हणजे पालक आणि रिक्षा पदपथ अडवत नाहीत. आत यायचे आणि बाहेर जायचे फाटक वेगळे असावे आणि सत्रांमध्ये किमान १५ मिनिटांचे अंतर ठेवावे. फाटकालगतच्या भिंतीला ४५० मिमी उंच ओटा आणि वर छज्जा द्यावा. नातवंडांना न्यायला आलेल्या आजी-आजोबांना तिथे पावसात उभे राहावे लागत नाही.