धुपदाळच्या काठावर उन्हाळ्यात पाय जपून टाका

गोकाकचा धबधबा बघायला आलेली मंडळी थंडीत घटप्रभा नदीवरच्या धुपदाळ बंधाऱ्यालाही जातात, कांड्या करकोचे बघतात आणि परततात. घटप्रभा पक्षी अभयारण्य १९७४ सालचं, २९.७८ चौ. कि.मी.चं, नाव झालं ते या पाहुण्यांमुळे. पण पाहुणे इथे अंडी घालत नाहीत. संसार मांडतात ते इथलेच, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्यांचा हंगाम ऐन उन्हाळ्यातला. तेव्हा काठ ओसाड समजून माणसं कुठेही चालतात.

टिटवीचं घरटं म्हणजे नुसता बशीएवढा खळगा, भोवती खडे आणि शेळीच्या वाळक्या लेंड्या. अंडी चार, मातकट रंगावर काळे डाग, निमुळती टोकं आत. भेगाळलेल्या जमिनीत ती तीन पावलांवरूनही दिसत नाहीत. उबवायला २८-३० दिवस, नर-मादी आळीपाळीने. भर दुपारी मात्र अंडी गार ठेवावी लागतात. पक्षी पाण्यात पोट भिजवून येतो आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसतो. आपण जवळ रेंगाळलो की तो फिरकत नाही, अंडी उन्हात भाजून निघतात. म्हणून बघायचं ते सकाळी नऊच्या आत, लांबून, दुर्बिणीने.

टिटवी मान खाली घालून गुपचूप धावत निघाली तर घरटं जवळ आहे. ओरडत अंगावर आली तर बहुधा पिल्लं बाहेर पडलीत. दोन्ही वेळी आल्या वाटेनेच, खाली बघत मागे फिरा. खुणेला काठी रोवू नका, दगड रचू नका. कावळ्यांच्या नजरेत ते लगेच भरतं.

नदी सुरय या पाणपक्ष्याचं आणखी नाजूक. पाण्याने वेढलेल्या वाळूवर किंवा खडकावर त्याची दोन-तीन अंडी असतात. वरच्या हिडकल धरणाचं पाणी धुपदाळच्या बंधाऱ्याशी अडतं आणि डाव्या कालव्यात वळतं, त्यामुळे उन्हाळ्यातही पातळी वरखाली होते. हातभर चढली की सखल वाळूवरची अंडी गेली. हातभर उतरली की बेट काठाला जुळतं आणि रात्रीत कुत्री आत शिरतात. हे दुसरं नुकसान सहसा कळतच नाही, कारण मागे टरफलसुद्धा उरत नाही. हंगामाच्या सुरुवातीला अंडी गेली तर जोडी पुन्हा घालते, मे अखेरीस गेली तर ते वर्ष वाया. कालव्याला पाणी हवंच, उभ्या पिकाला नाही म्हणता येत नाही. पण पिल्लं अंड्यांतून बाहेर पडेपर्यंतचे तीन-चार आठवडे पातळी सारखी राखता आली तर फार मोठं काम होईल.

पावसाळ्यात टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याची पाळी. तिचं घरटं म्हणजे पाणवनस्पतींचा ओला, तरंगता ढीग. उठताना ती अंड्यांवर शेवाळ ओढून जाते. कुजका कचरा समजून त्यात काठी खुपसू नका.