प्रायमर नेमका कुठे अडला?

फोंडा. श्रावणातला शनिवार, सकाळी साडेसात

चवथ तोंडावर आली की गोव्यात घरोघरी रंगाचे डबे उघडतात. पावसाळ्याचे ओले दिवस, आणि रंगकामाची घाई नेमकी याच दिवसांत. स्प्रे मशीन नीट चालत नाही अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यातली बरीचशी मशीनची नसतेच. ती भिंतीची असते, नाहीतर बालदीतल्या प्रायमरची, म्हणजे रंगाआधी मारायच्या अस्तराची. आज गॅरेजच्या भिंतींना स्प्रे मशीनने प्रायमर मारायचा आहे, म्हणून नोंद भिंतीपासून.

गॅरेज आतून १८ फूट लांब, १० फूट रुंद, ९ फूट उंच. शटरची बाजू सोडून तीन भिंती, म्हणजे ४१४ चौरस फूट. चिऱ्याचं बांधकाम, वर सिमेंटचा गिलावा. चिरा सच्छिद्र, तो जमिनीतलं पाणी वर ओढतो आणि ते पाणी भिंतीच्या अंगावर सुकलं की मागे खार राहतो. तोच लोणा. तो कोरड्या तारेच्या ब्रशने झाडून काढायचा. पाण्याने धुतला तर खार विरघळून पुन्हा गिलाव्यात शिरतो आणि आठवड्याने प्रायमर फोडून बाहेर येतो.

काल दुपारी तिन्ही भिंतींवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, ४५ सेंटिमीटर चौकोनी प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून चिकटवलं होतं. सोळा तासांनी आज काढलं. दोन भिंतींवर कोरडं. मागची भिंत डोंगराच्या बाजूची. तिथे प्लास्टिकच्या आतून बारीक थेंब. त्या भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा आज सोडून द्यायचा. ओल्या गिलाव्यावर प्रायमर धरतो असं वाटतं, पण फुगे येतात आणि पोपडे सुटतात.

डाव्या भिंतीवर वरच्या बाजूला जुना चुना आहे. तळवा फिरवला की हात पांढरा होतो. तो पत्र्याने खरवडून, ८० नंबरचा पॉलिश पेपर मारून, धूळ झाडूनच पुढे जायचं. प्रायमर चुन्याला घट्ट धरतो, पण चुना भिंतीला धरत नाही. मग दोघे मिळून सुटतात.

सव्वाआठ

पाण्याचा प्रायमर. त्यात खडूसारखं भरड भारी असतं, डबा दुकानात उभा राहिला की ते तळाला बसतं. वरचं पातळ तेवढं ओतून घेतलं तर आधी पाण्यासारखा प्रायमर उडतो आणि शेवटी तळाचा चिखल मशीनमध्ये जातो. वरचा अर्धा भाग दुसऱ्या बालदीत काढून, तळ लाकडी पट्टीने खरवडून, मग काढलेला थोडा थोडा परत ओतत ढवळणं हेच बरोबर. ड्रिलला पाते लावून ढवळायचं तर वेग कमी. जोरात फिरवलं की हवा मिसळते, आणि ती हवा पुढे स्प्रे गनमधून ठसके देते.

गाळणं चुकवू नये. मच्छरदाणीचं कापड यासाठी फार विरळ, गुठळ्या आरपार जातात. सुती कापडाचे तंतू सुटतात. रंगाच्या दुकानात मिळणारी नायलॉनची पिशवीजाळी घ्यावी. आज पाच लिटरमागे जाळीत चमचाभर साय आणि डब्याच्या काठावरचे सुकलेले तुकडे निघाले. हाच चमचाभर माल टिपमध्ये, म्हणजे गनच्या तोंडाच्या बारीक भोकात, अडकला असता.

डब्यावर पाण्याचं जे प्रमाण लिहिलेलं असतं ते बहुधा ब्रश आणि रोलरसाठी. एअरलेस मशीन, म्हणजे हवा न मिसळता नुसत्या दाबाने माल फेकणारं, बरंच दाट फेकू शकतं. पाच लिटरला अर्धा लिटर पाणी, तेही मापाने. कमी वाटलं तर पुढे पाव-पाव लिटर. अंदाजाने तांब्याने पाणी ओतलं की ओघळ येतात, थर पातळ बसतो आणि सुकल्यावर भिंत हाताला पिठासारखी लागते.

हिशेब: या गिलाव्यावर पहिल्या हाताला लिटरमागे ८० चौरस फूट धरले आहेत, म्हणजे तिन्ही भिंती पूर्ण धरल्या तर पाच लिटरच्या वर. शिवाय ५० फुटी, पाव इंची होजच्या (पंपापासून गनपर्यंतच्या नळीच्या) पोटात जवळपास अर्धा लिटर माल बसतो, तो वेगळा धरावा लागतो.

नऊ वाजता

आधी एक नोंद, कारण घाईत ती विसरली जाते. भिंतीवर मारताना दाब २,००० पीएसआयच्या आसपास असतो. गाडीच्या टायरमध्ये ३२ असतो, म्हणजे हा साठपट. टिपसमोर बोट कधीच नाही, गनचा खटका लॉक केलेला असला तरी नाही. माल कातडीत घुसला तर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, दुखतही फार नाही, आणि आत बोट सडायला लागतं. तशी खूण दिसली तर पट्टी बांधून काम चालू ठेवायचं नाही, लगेच गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) गाठायचं आणि उच्च दाबाने रंग आत गेलाय हे डॉक्टरांना आधी सांगायचं. टिप काढायची असो की फिल्टर, क्रम एकच: मशीन बंद, दाब शून्यावर, गन बालदीत दाबून मोकळी, प्राइमचा व्हॉल्व्ह (माल गनऐवजी ड्रेन पाईपकडे सोडणारा) उघडा, गन लॉक.

मशीन सुरू केलं आणि माल वर चढेना. मोटर फिरते, ड्रेन पाईपमधून (माल बालदीत परत सोडणाऱ्या नळीतून) काही येत नाही.

अशा वेळी सक्शन पाईप, म्हणजे बालदीतून माल ओढणारा, साध्या पाण्यात टाकून बघावा. पाणी चढलं तर दोष प्रायमरच्या दाटपणात. पाणीही चढत नसेल तर दोष मशीनच्या तोंडाशी. आज पाणीही चढलं नाही. तळाची जाळी स्वच्छ. पाईपची जोडणी हाताने घट्ट, ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) जागेवर. राहिला आत येण्याच्या वाटेवरचा स्टीलचा बॉल. मशीन महिनोन् महिने पडून राहिलं की आतला सुकलेला अंश त्या बॉलला सीटवर चिकटवतो. पान्ह्याच्या दांड्याने पंपाच्या खालच्या भागावर बाजूने चार-पाच हलक्या टिचक्या मारल्या, आणि पाणी चढलं. काही मशीनना यासाठी बॉल ढकलायचं बटणच दिलेलं असतं. हातोडी मारू नये.

पाण्यावरून प्रायमरवर आलं की ड्रेन पाईपकडे बघत राहावं. सुरुवातीला बुडबुडे येणारच. मिनिटभराने धार सलग, जाड आणि गुळगुळीत व्हायला हवी. दोन मिनिटांनंतरही धारेत बुडबुडे फुटत असतील तर सक्शनच्या जोडणीतून कुठेतरी हवा शिरतेय, आणि ती बंद केल्याशिवाय भिंतीकडे वळण्यात अर्थ नाही.

दहा

टिप ५१७ नंबरची. पहिला आकडा पाच, त्याची दुप्पट दहा: एक फुटावरून मारलं तर दहा इंच रुंद पट्टा. पुढचे सतरा म्हणजे भोक एका इंचाच्या हजारातले सतरा भाग, मिलिमीटरमध्ये ०.४३. भिंतीच्या प्रायमरला हे माप चांगलं. पण आपलं मशीन किती मोठी टिप पेलतं ते त्याच्या पाटीवर बघूनच टिप घ्यावी. सतराच्या टिपमधून २,००० पीएसआयला मिनिटाला सव्वा लिटरच्या जवळपास माल जातो, पंधराच्या टिपमधून एक लिटरपेक्षा थोडा कमी. पंप पंधराचा आणि टिप सतराची असेल तर मोटर अखंड धावते आणि दाब कधीच भरत नाही.

पुठ्ठ्यावर पहिला पट्टा मारला. मधे धूसर, आणि वर-खाली दोन्ही कडांना जाड रेघ, जशी धोतराची काठ. या दोन शेपट्या दिसल्या की हात आपोआप दाबाच्या बटणाकडे जातो आणि ते पूर्ण वाढवलं जातं. तिथेच काम बिघडतं. जास्त दाबाने धुकं वाढतं, माल वाया जातो, टिप झिजते, आणि मूळ अडथळा तसाच राहतो. दाब कमीवरून हळूहळू वाढवायचा. शेपट्या पट्ट्यात मिसळल्या की तिथेच थांबायचं. मध्यम दाबापर्यंत त्या मिसळल्या नाहीत तर बटण सोडून मोटर ऐकायची.

मोटरचा आवाज दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी नेमकं सांगतो.

गनमधून माल अशक्त येतोय आणि मोटर मात्र मधेमधे थांबते आहे, तर पंपाच्या दृष्टीने दाब पुरेसा आहे. अडथळा पंपाच्या पुढे: मशीनचा फिल्टर, गनच्या दांड्यातला फिल्टर किंवा टिप. गन दाबल्यावर पहिला सेकंद जोरात आणि मग एकदम मंद, हीसुद्धा तुंबलेल्या फिल्टरचीच खूण.

माल अशक्त आणि मोटर न थांबता धावतेय, तर पंपालाच पुरत नाही. तळाची जाळी, सक्शनमधली हवा, दाट प्रायमर, झिजलेली किंवा मोठी टिप, बॉलखाली अडकलेला कण, सगळ्यात शेवटी पिस्टनभोवतीचं झिजलेलं पॅकिंग. याच क्रमाने बघावं, कारण सोपं आणि स्वस्त ते आधी. पॅकिंग बदलायला मशीन उघडावं लागतं, तिथे शेवटी पोचायचं.

गन बंद, कोणी हात लावत नाही, तरी दर काही सेकंदांनी मोटर स्वतःहून एक ठोका घेते. म्हणजे दाब मागे गळतोय. ड्रेन पाईपच्या टोकाला थेंब जमतोय का बघावं. जमत असेल तर प्राइमचा व्हॉल्व्ह. पिस्टनच्या दांड्याभोवती ओल दिसली तर वरचं पॅकिंग. दोन्हीकडे कोरडं असेल तर बाहेर जाण्याच्या वाटेवरचा बॉल.

आज मोटर थांबत होती. मशीनचा फिल्टर स्वच्छ निघाला. गनचा दांडा उघडला तर आत १०० नंबरची जाळी, खालची बोटभर लांबी पांढऱ्या लेपाने बुजलेली. प्रायमरच्या भरडाला १०० ची जाळी फार बारीक. ती तेराच्या किंवा त्याहून लहान टिपसाठी ठीक. सतराच्या टिपला ६० नंबरची पुरते, तिची भोकं पाव मिलिमीटरची, म्हणजे टिपपेक्षा लहानच. जाळी बदलली, दुसरं काही केलं नाही. शेपट्या त्याच दाबावर मिसळल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलावी ती याचसाठी. जाळी, पाणी आणि दाब तिन्ही एकदम बदलले असते तर सुधारलं कशाने ते कळलं नसतं आणि उद्या पुन्हा शून्यापासून शोधावं लागलं असतं.

टिपची झीज मोजायची तर पट्टी लावून. दहाचा पट्टा साडेसातवर आला, की टिप टाकून द्यायची. झिजलेलं भोक रुंद आणि गोल होतं, मग माल जास्त जातो आणि पट्टा मात्र अरुंद होतो. तुंबलेली टिप उलटी फिरवून बालदीत एकदा उडवावी, मग सरळ करावी. टाचणी घालू नये. टिपच्या मागून थेंब गळत असेल तर आतलं सील उलटं किंवा तिरपं बसलंय.

दुपारी अडीच

भिंतीवर काम सुरळीत. गन एक फूट लांब, भिंतीला काटकोनात, मनगट न वळवता अख्खा हात सरकवायचा; हात आधी हलतो, खटका नंतर दाबायचा, आणि हात थांबायच्या आधी सोडायचा. पुढचा पट्टा मागच्यावर निम्मा चढवायचा. शटरच्या दोन्ही बाजूंच्या खाचा आधी टेपने बंद केल्या आहेत. तिथे धुकं बसलं की शटर आवाज करत अडखळतं आणि ते खरवडणं फार किचकट.

गिलावा खडबडीत आहे, म्हणून प्रत्येक तीन-चार फुटांचा भाग मारून झाला की लगेच जाड लोकरीचा रोलर त्यावरून फिरवला. नुसत्या स्प्रेने सुईच्या टोकाएवढी भोकं तशीच राहतात. टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा धरला की काळे ठिपके दिसतात. रोलरने ते भरतात. स्प्रे केलं की रोलर नको, हे मत मला पटत नाही, निदान चिऱ्यावरच्या गिलाव्याला तरी नाही.

उजव्या भिंतीच्या शटरकडच्या टोकाला हात लावला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत. तिथे वारा येतो आणि गन दीड फुटावर गेली होती; थेंब भिंतीला लागायच्या आधीच अर्धे सुकले. अंतर कमी केलं, शटर कंबरेपर्यंत खाली घेतलं, ठीक झालं. पाण्याचा प्रायमर आहे म्हणून हे चालतं. थिनरचा असता तर शटर पूर्ण उघडं, पंप बाहेर २० फुटांवर, स्कूटर आणि पेट्रोलचा कॅन घराच्या पलीकडे. धूळ-धुक्याचा मास्क दोन्हीकडे लागतोच, थिनरला वाफेचं काडतूस असलेला.

डबा दोन तासांत दुसरा हात म्हणतो. आजच्या दमट हवेत तीन-चार तासांनीही कोपरे थंड लागताहेत. दुसरा हात उद्या.

संध्याकाळी पाच

मोटर गुणगुणते पण सुटत नाही. व्होल्टेज पडलंय, त्यात पातळ तारेचा तीस मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड. सुरू होताना मोटर चालू प्रवाहाच्या कितीतरी पट ओढते आणि लांब पातळ तारेतच व्होल्ट संपतात. अडीच चौरस मिलिमीटरची वायर, १५ अँपिअरचा प्लग, आणि ओली फरशी असल्यामुळे मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. लांब जायचं तर होज वाढवावा, वायर नाही. मशीन घरच्या प्लगजवळ नेलं, लगेच सुटलं.

साडेसहा

सक्शन पाण्याच्या बालदीत. गनमधून येणारा होजमधला माल प्रायमरच्या डब्यात परत घेतला. पातळ पडायला लागला तशी गन दुसऱ्या बालदीकडे वळवली. तीन बालद्या पाणी, शेवटची निवळ येईपर्यंत. जाळ्या दात घासायच्या जुन्या ब्रशने, टिप कोमट पाण्याच्या पेल्यात. उद्याच काम आहे म्हणून पंपात पाणी ठेवलंय. आठवड्यासाठी ठेवायचं असतं तर पंपाचं संरक्षक तेल खेळवून ठेवलं असतं, इथल्या खाऱ्या दमट हवेत बॉलला गंज धरायला वेळ लागत नाही. पिस्टनच्या दांड्यावर दोन थेंब तेल.

मागच्या भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा दिवाळीनंतर, प्लास्टिक पुन्हा लावून बघून.