पावसाळ्यात सुकवलेले वाडगे : दहाव्या आठवड्याची नोंद

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात आठ लाकडी वाडगे लेथवर (लाकूड फिरवून आकार देणाऱ्या यंत्रावर) कच्चे कातले होते, म्हणजे ओल्या लाकडातून जाड ठेवून; सुकल्यावर दुसऱ्या कातणीत त्यांना अंतिम आकार मिळतो. आंब्याचे पाच, शिरीषाचे दोन, बाभळीचा एक. सगळे २४० मिमी व्यासाचे. आज सहा दुसऱ्या कातणीला तयार आहेत, एक तडकला, एक अजून सुकतो आहे.

ओला वाडगा त्याच्याच भुश्शात पुरून ठेवण्याची पद्धत बऱ्याच जणांनी व्हिडिओत पाहिलेली असते. एप्रिलमध्ये ती आपल्याकडेही उपयोगी पडते. दुपारची आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली जाते आणि उघडा ठेवलेला वाडगा संध्याकाळपर्यंत काठाला तडकू शकतो, म्हणून सुकण्याचा वेग कमी करावाच लागतो. जुलैत परिस्थिती नेमकी उलटी असते. हवेतच इतकं पाणी असतं की भुस्सा ओला राहतो, आत हवा खेळत नाही आणि आंब्यासारखं लाकूड काही दिवसांत निळं-काळं पडतं. तेव्हा उन्हाळ्यात वाडगा झाकायचा आणि पावसाळ्यात त्याला हवा द्यायची. प्लॅस्टिकची पिशवी पावसाळ्यात वापरूच नये.

कच्च्या कातणीतच अर्धं काम होतं. जाडी व्यासाच्या दहा टक्के, म्हणजे इथे साधारण २५ मिमी, आणि ती काठापासून बुडापर्यंत सारखी हवी. बूड जाड राहिलं तर काठ आधी आकसतो, बूड आकसत नाही आणि त्या ओढाताणीत तडा जातो. काठाच्या दोन्ही कडा गोल कराव्यात. ओंडक्याच्या मधला भेंडाचा ठिपका वाडग्यात अजिबात येता कामा नये; त्याच्याभोवतीचं किमान १५ मिमी लाकूड काढून टाकावं. तडकलेला आंब्याचा वाडगा नेमका इथेच चुकला. भेंड काठापासून जेमतेम ८ मिमीवर होतं आणि तिसऱ्याच दिवशी तिथून तडा फुटला. असा तडा गोंदाने भरण्यात वेळ घालवू नये, तो पुढे सरकतोच.

कातणी झाल्यावर वाडगे उकळले. जाडीच्या दर २५ मिमीला एक तास, पाणी उकळायला लागल्यापासून मोजायचा. उकळल्याने लाकडातला ताण सैल होतो, वरची बुरशी मरते आणि किडीच्या अळ्याही मरतात (लाकडी खोक्यांच्या निर्यातीच्या नियमात लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस ३० मिनिटं मागतात, त्याहून हे बरंच जास्त आहे). किडीसाठी बोरॅक्सचं पाणीही चालतं, पण खाण्याच्या वाडग्याला ते नको. पातेलं स्टीलचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं घ्यावं. बाभळीत टॅनिन (लोखंडाशी मिळून काळं पडणारं द्रव्य) भरपूर असतं. लोखंडाच्या कढईत तिच्यावर काळे डाग पडतात आणि ते खोलवर जातात.

उकळलेला वाडगा सावलीत गार होऊ द्यावा. वरचं पाणी उडालं की बाहेरून मेण लावायचं, आतून नाही. बाहेरची बाजू आधी सुकली तर ती ओल्या आतल्या भागाभोवती आवळते आणि फाटते. आतली बाजू आधी आकसली तर बाहेरचं लाकूड दाबलं जातं, आणि दाब लाकूड सहज सोसतं. लाकडाच्या रेषा जिथे आडव्या कापल्या जातात, त्या समोरासमोरच्या दोन भागांवर मेणाचे दोन हात द्यावेत, कारण पाणी तिथून सगळ्यांत वेगाने उडतं. पॅराफिन मेण नेहमी गरम पाण्यात ठेवलेल्या डब्यात वितळवावं, थेट आचेवर ते पेट घेतं. पांढरा गोंद पातळ करून लावला तर थोडाफार अडसर होतो, पण मेणाची सर त्याला नाही.

मग जाळीच्या मांडणीवर वाडगे उपडे ठेवले, खाली दोन पट्ट्या, दोन वाडग्यांत चार बोटं अंतर. पहिले दहा दिवस खाकी कागदाचा एक पदर, पंखा भिंतीकडे तोंड करून सगळ्यात कमी वेगावर. बुरशी फक्त एका शिरीषावर आली, तीही तो शेजारच्या वाडग्याला टेकला होता तिथेच. ती वरवरची होती, ब्रशने निघाली. शिरीषाची धूळ नाकाला फार झोंबते, तेव्हा मास्क हवाच.

किती सुकला हे वजनच सांगतं. हाताला कोरडा लागणं हा निकष नव्हे. कातताना निघालेला १०० ग्रॅम भुस्सा लगेच मोजून ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवला. ५५ ग्रॅम उरला. म्हणजे १३९० ग्रॅमच्या आंब्याच्या वाडग्यात कोरडं लाकूड साधारण ७६४ ग्रॅम, आणि बारा टक्के ओलाव्याला (कोरड्या लाकडाच्या वजनाच्या बारा टक्के पाणी) त्याचं वजन ८५६ ग्रॅम यायला हवं. प्रत्यक्षात असं उतरत गेलं: पहिल्या आठवड्याअखेर १२१०, दुसऱ्या १०९५, चौथ्या ९७०, सहाव्या ९१०, आठव्या ८८४. तिथे काटा अडकला. वजन थांबलं म्हणजे वाडगा सुकला, असा इथे गैरसमज होतो. पावसाळी हवेत लाकूड पंधरा-सोळा टक्क्यांच्या खाली जातच नाही. याच अवस्थेत अंतिम कातणी केली तर जानेवारीत वाडगा पुन्हा वाकडा होतो.

म्हणून शेवटचे दोन आठवडे पेटीत. बंद पडलेल्या फ्रिजचं कपाट, तळाला पत्र्याच्या आडोशामागे ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब (एलईडी उपयोगाचा नाही), खाली-वर दोन-दोन भोकं, आत संगणकातला छोटा पंखा. बाहेर २६ अंश आणि ८८ टक्के आर्द्रता असताना तीच हवा ३३ अंशांवर नेली की आर्द्रता ५९ टक्क्यांच्या आसपास येते. त्यासाठी हवेतलं पाणी काढून टाकावं लागत नाही. वाडगा ८५० ग्रॅमवर येऊन थांबला. ओल्या वाडग्याला मात्र पहिल्या दिवशी पेटीत घालू नये, तडे हमखास जातात.

आकार बदलला तो असा: रेषेच्या दिशेने २३९ मिमी, आडव्या दिशेने २३१. बुडाचा टेननही (लेथच्या जबड्यांत पकडायचा गोल खुंट) लंबगोल होतो, म्हणून तो ६० मिमीचा ठेवला होता. ५० मिमीच्या जबड्यांसाठी पुन्हा गोल करायला पुरेसं लाकूड उरतं. २५ मिमीच्या जाडीतून १० मिमी जाडीचा वाडगा आरामात निघेल.

बाभळीचा वाडगा घट्ट लाकडाचा, पेटीतही आठवड्याला ६ ग्रॅमने उतरतो आहे. पेटीत लागोपाठ दोन आठवडे वजन हललं नाही की मगच तो लेथवर चढेल.