मीटरवर ४१०

मराठवाड्यात पाणी आहे की नाही, यावरच सगळी चर्चा संपते. ते कसं आहे, हे लोक चवीवरून ठरवतात: गोड की मचूळ. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतर्फे आम्ही एका गावच्या शाळेत पाण्याच्या बाटल्या जमवल्या, तेव्हाही तसंच झालं. मुलांना टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं यंत्र, फार आवडतो; बुडवला की आकडा येतो, लिटरला इतके मिलिग्रॅम. एका बोअरचा आला ४१०. मर्यादा ५०० ची, म्हणून पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि तक्त्यावर हिरवी खूण केली. बाटली आणणाऱ्या आजी म्हणाल्या, "आमचं पाणी गोडच हाय. नातवाच्या दुधातबी हेच घालतो, चांगलं आटवून." नातू तीन महिन्यांचा, वरच्या दुधावर.

तिथंच आम्ही थबकायला हवं होतं. हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. क्षार कोणता, हे त्याला कळत नाही. उकिरडा, सांडपाणी यांतून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेट या क्षाराला तर चव नाही, वास नाही, रंगही नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नायट्रेट मोजायला नमुना गाळून ५० मिलि घेतला, त्यात १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल १ मिलि टाकलं आणि २२० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचं शोषण मोजलं. सेंद्रिय पदार्थही तिथं शोषतात, म्हणून २७५ वरचं शोषण दुप्पट करून वजा करायचं. आकडा प्रमाण आलेखाच्या (माहीत असलेल्या द्रावणांवरून काढलेल्या, शोषणावरून प्रमाण सांगणाऱ्या आलेखाच्या) बाहेर गेला. अशा वेळी आलेख पुढं ताणून आकडा लिहून मोकळे होणारे आहेत. ते साफ चूक आहे, कारण वरती आलेख वाकतो आणि नायट्रेट कमी दिसतं. १० मिलि नमुना ५० पर्यंत पातळ केला. लिटरला २४ मिलिग्रॅम आले, पाचपट केले की १२०. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००, त्याप्रमाणे मर्यादा ४५, आणि तीत सवलत नाही.

उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी निम्मं आटलं की त्याचं प्रमाण दुप्पट होतं. तुरटी, क्लोरीन, कँडलचा फिल्टर, कशाचाच उपयोग नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या शरीरात नायट्रेटचं नायट्राइट होतं, मग रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही. ओठ, नखं निळसर पडतात.

सहीशिक्क्याचा अहवाल पोचायला आठवडा जातो. अहवालाची वाट पाहत बसायची ही पद्धत बाळासाठी धोक्याची आहे. आम्ही त्याच संध्याकाळी शिक्षकांना फोन केला: बाळाच्या दुधात हे पाणी नको, आरओचं घ्या, आणि बाळ डॉक्टरांना दाखवा. बाळ बरं निघालं.

नंतर बोअर पाहिली. उकिरडा नऊ पावलांवर, शोषखड्डा त्याच्याही अलीकडं. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाईप, मुरमातच संपलेलं. ते खालच्या कठीण पाषाणात रुतवून भोवतीची फट सिमेंटनं बुजवावी लागते, नाहीतर वरचं पाणी पाईपाच्या कडेनं सरळ खाली उतरतं. बोअर घेताना हे सिमेंट वाचवलं जातं.

आता नायट्रेट तपासायच्या पट्ट्या पिशवीत आधी ठेवतो आणि बाटली हातात घेतानाच विचारतो, घरात वरच्या दुधावरचं बाळ आहे का. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात मात्र ४१० समोर अजून हिरवी खूण आहे. ती आम्हीच करवली होती.