दात्याची अट, सरकारची अट

मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले, पण तेवढीच रक्कम कंपनी सरकारनेही घालावी, अशी अट त्यांनी घातली होती. परळच्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्यांनीही तेथे भारतीय डॉक्टरच नेमले जावेत, असा आग्रह धरला. त्या काळी अट दाता घालत असे आणि सरकार ती मान्य करत असे.

आता अट सरकार घालते. निरनिराळ्या धर्मांच्या आणि समाजांच्या न्यासांनी उभारलेल्या ज्या रुग्णालयांना सवलतीची जमीन, वाढीव चटईक्षेत्र किंवा करमाफी मिळाली आहे, त्यांनी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ककनुसार गरिबांसाठी खाटा राखून ठेवायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात द्याव्या लागतात.

कागदावर ही व्यवस्था मला न्याय्य वाटते. मात्र गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या यजमानांना अशाच एका रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हा योजनेची माहिती देणारा फलक मला औषधांच्या दुकानाकडे जाणाऱ्या बोळात सापडला, आणि तोही तिसऱ्या दिवशी. शिधापत्रिका गावी थोरल्या दिरांकडे होती. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कधी काढलेलाच नव्हता. ज्याच्या घरी कागद नीट लावून ठेवलेले असतात तो बहुधा निर्धन नसतो, ही साधी गोष्ट नियम करणाऱ्यांच्या ध्यानात कशी आली नाही, कोण जाणे. अखेर तेथील समाजसेवा अधिकारी बाईंनी स्वतः दोन-तीन ठिकाणी फोन केले, म्हणून काम झाले. योजनेत त्या बाईंइतके महत्त्वाचे दुसरे कोणी नाही, असे माझे तेव्हापासून मत आहे.

घरी जाताना मावशींनी विचारले, "हे पैसे देवस्थानाने दिले का सरकारने?" त्यांना कोणाचे तरी आभार मानायचे होते. खरे तर पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम ज्या निर्धन रुग्ण निधीत जमा होते, त्यातून ते आले होते. बिलावर तसे कोठेच लिहिलेले नव्हते.