पोच

"सायब, ही सही कुणाची?"

आजोबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. जांभळा शिक्का अर्धवट उमटलेला, तारीख पुसट आणि खाली सही माझीच.

मी नगरपरिषदेत रचना सहायक. दोन वर्षांपूर्वी आवकचा बाबू रजेवर गेला तेव्हा आठवडाभर त्याच्या खुर्चीत बसलो होतो. त्याच आठवड्यात मी घेतलेला हा कागद म्हणजे कलम १२७ ची नोटीस. आजोबांच्या ३२ गुंठ्यांवर डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, क्रीडांगणाचं आरक्षण. डीपी अमलात येऊन चौदा वर्षं झालेली. जमीन घेतली नाही, मोबदला दिला नाही, आणि नातवानं घराची परवानगी मागितली की आम्ही 'आरक्षणबाधित' शेरा मारून प्रकरण परत करायचो.

नगररचना कायदा १९६६ चा. आरक्षित जमीन दहा वर्षांत घेतली नाही, तर मालकानं नोटीस द्यायची. त्यानंतर पालिकेला पूर्वी सहा महिने मिळायचे, मग बारा झाले, २०१५ च्या दुरुस्तीनं चोवीस. तेवढ्यातही संपादनाचं पाऊल पडलं नाही, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. पालिकांकडे पैसे नसतात म्हणून मुदत वाढत गेली. आजोबा ऐंशीला टेकले होते.

मूळ नोटीस शेवटी 'पाणीपुरवठा – संकीर्ण'च्या गठ्ठ्यात सापडली. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होती म्हणून असेल. आमच्या फायलीत होता फक्त सर्वसाधारण सभेचा एक ठराव, 'सदर जागा संपादित करण्यात यावी', आणि त्याखाली वरिष्ठांना पाठवलेलं एक पत्र. तरतूद शून्य. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं बाजारभाव आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम द्यायची, तर आमचा वर्षाचा रस्तादुरुस्तीचा पैसा त्यात गेला असता. टीडीआर, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ केला होता. "त्यो बाजारात कुनी घेतो का?" असं आजोबांनी तेव्हा विचारलं होतं. आमच्या गावात खरंच कुणी घेत नाही.

दुपारी मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात बैठक बसली. एक नगरसेवक म्हणाले, "ठराव आहे की! आणि पोरं तिथं रोज क्रिकेट खेळतात, म्हणजे मैदान झालंच." पोरं खेळत होती ती आजोबांनी कधी हाकललं नाही म्हणून, हे त्यांना सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मुख्याधिकाऱ्यांनी गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल काढला. ठराव केला, पत्र धाडलं, एवढ्यानं संपादनाचं पाऊल पडलं असं होत नाही.

मग कुणीतरी हळूच म्हणालं, "शिक्क्यावरची तारीख वाचता येत नाही ना? नोटीस नेमकी कधी आली, कोण सांगणार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गावात दुसरं मैदान नाही, हे मलाही ठाऊक होतं. त्या डीपीच्या नकाशावर तो हिरवा तुकडा बघून मला बरंच वाटायचं. पण चौदा वर्षं नुसता रंग देऊन ठेवायचा आणि वर तारीख खायची, हे काही पटेना. मी उठून आवक नोंदवही आणली. अनुक्रमांक, तारीख, 'क. १२७ नोटीस, सोबत सातबारा व मोजणी नकाशा', सगळं माझ्याच अक्षरात. चोवीस महिने संपून अकरा दिवस झाले होते. नगरसेवक चहा न घेताच गेले.

आजोबा बाहेर बाकावर बसूनच होते. आरक्षण गेलं, पण शासनाचा राजपत्रातला आदेश यायला हवा, त्यासाठी अर्ज करा, असं सांगितलं. नातवानं तिथंच अर्ज लिहिला.

"आता कुंपन घालू का?" आजोबांनी विचारलं.

"घाला. जागा तुमचीच आहे."

"पोरांची परीक्षा हाय आत्ता. मे म्हैन्यात तरी खेळू द्यावं लागंल." मग अर्जाची दुसरी प्रत पुढे सरकवत म्हणाले, "ह्याची पोच द्या. आन् सायब, शिक्का जरा दाबून मारा."

मी पॅडवर शाई ओतली.