चिकटवायचं, पण भेटू द्यायचं नाही

मागच्या महिन्यात मी एक तारेचा ब्रश चुकून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेला आणि त्यावरून आमच्या मायस्टरची, म्हणजे आमच्या मुख्य कारागिराची, भरपूर बोलणी खाल्ली. दक्षिण जर्मनीत मी जिथे काम करतो, तिथे कारच्या नमुना-बॉडी बनतात. स्टीलच्या सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे बसवायचे, हे आमचं काम. ब्रश स्टीलच्या बाजूचा होता, मी तो अ‍ॅल्युमिनियमवर फिरवला. मायस्टरने तो हातातून काढून घेतला, पत्रा दिव्याखाली धरला आणि म्हणाला, "हा आता भंगार." मला तर पत्रा चांगला चकाचक दिसत होता!

ब्रशच्या तारांत अडकलेले लोखंडाचे कण मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात. वरून रंग चढला तरी ते आत असतातच. पुढे कधीतरी ओल पोचली की प्रत्येक कणाभोवती एक खड्डा पडायला लागतो. म्हणून इथे दोन्ही धातूंचे ब्रश, कानशी, ग्राइंडरच्या चकत्या सगळं वेगळं ठेवतात, मध्ये पडदासुद्धा असतो. सुरुवातीला मला हे सोवळंओवळं वाटायचं.

लोकांना वाटतं, एकत्र आले की गंजणार स्टील. खरं तर उलट होतं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की बॅटरीचा सेल तयार होतो, आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणजे खाऱ्या पाण्याची सोय आयतीच. स्टीलवर जस्ताचा थर असतो तोवर तो थर आधी मार खातो. तो संपला की पाळी अ‍ॅल्युमिनियमची. काठावर रंग फुगतो, फोडला की आत पांढरी भुकटी. जर्मनमध्ये याला 'कोंटाक्टकोरोझिओन' म्हणतात, म्हणजे स्पर्शातून होणारी झीज.

मग वेल्डिंग का करत नाहीत? अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, स्टील दीड हजारांच्या आसपास. पण खरी अडचण वेगळीच आहे. दोन्ही वितळून मिसळले की लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमची अशी संयुगं तयार होतात की सांधा काचेसारखा ठिसूळ होतो.

म्हणून रिव्हेट. तोही आधी भोक पाडून ठोकायचा नव्हे. त्याचं जर्मन नाव 'हाल्बहोलश्टान्सनीट', ते एका दमात म्हणायला मला दोन आठवडे लागले. पाच मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, खालून पोकळ असा हा रिव्हेट. यंत्र त्याला काही टनांच्या जोराने दाबतं. तो वरचा पत्रा भेदतो, खालच्यात शिरतो, आणि तिथे खालच्या साच्यामुळे त्याचे पाय बाहेर फाकतात. खालचा पत्रा मात्र फुटता कामा नये. तो फुटला की पाण्याला वाट मिळाली.

मी पहिल्यांदा असा सांधा मधोमध कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा कितीतरी वेळ तिथून हललो नाही. फाकलेले दोन पाय, त्यांच्याभोवती घट्ट बसलेला पत्रा, आणि पायाखाली उरलेली अगदी पातळ पापडी. पाय किती फाकले आणि पापडी किती उरली, एवढंच मोजायचं. फार कडक स्टील असेल तर रिव्हेटच वाकतो, तिथे दुसरे उपाय लागतात.

पण रिव्हेट हा फक्त पकडून ठेवणारा. खरं काम गोंद करतो. इपॉक्सीची रेघ दोन पत्र्यांमध्ये ओढतात. आमच्या गोंदात काचेचे बारीक मणी असतात, का तर कितीही दाबलं तरी पत्र्यांमध्ये केसाएवढी फट राहावी. म्हणजे जोडणारी वस्तूच दोघांना लांब ठेवते. रिव्हेटवरही म्हणूनच लेप असतो.

हे काही आत्ताचं खूळ नाही. ऑडीने १९९४ मध्ये ए८ ची बॉडी पूर्ण अ‍ॅल्युमिनियमची केली, म्हणजे तिथे हा प्रश्न टळला. २००३ च्या बीएमडब्ल्यू ५ सिरीजमध्ये मात्र पुढचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा आणि मागचा स्टीलचा होता, वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर सारखं पडावं म्हणून. २००६ च्या ऑडी टीटीतही तोच विचार, मागे मुद्दाम स्टील.

आम्हाला सध्या छळतंय ते छप्पर. रंगाच्या भट्टीत बॉडी १८० अंशांच्या आसपास तापते. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट पसरतं. दीड मीटरच्या छपराला हा फरक अडीच मिलिमीटरच्या वर जातो. रिव्हेट जागचे हलत नाहीत, मग पत्रा दोन रिव्हेटांच्या मध्ये फुगतो, आणि नेमका त्याच वेळी गोंद कडक होतो. थंड झाल्यावर छपराच्या काठाला लाटा. हात फिरवला की बोटांना लागतात, आणि तिरप्या उजेडात तर लांबूनही दिसतात.

मायस्टर त्या लाटांकडे बघून हसला आणि मला म्हणाला, "आज तुझा ब्रश नाही वाटतं!" या वेळी रिव्हेटांमधलं अंतर कमी केलंय आणि गोंद जरा लवचीक घेतलाय. सोमवारी बॉडी पुन्हा भट्टीत जाणार.